बातवान जिथे जिथे बसला

उमेदीची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढून दुल्फो कायमचा घरी परतला, तेव्हा त्याची ट्रंक मिनिंगनं स्वतःच्या हातानं रिकामी केली. सदरे झटकून पाहिले, खिसे उलटे केले, बुटांच्या आत हात घालून चाचपलं. सँतोस, रॉटरडॅम, बुसान, कुठल्याच बंदरातली कुठलीच बाई त्या ट्रंकेत सापडली नाही. दुसऱ्या एखादीला हायसं वाटलं असतं. मिनिंगला वाटलं, एवढं स्वच्छ? म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दुल्फोचे केस पांढरे झाले, मिनिंगचे गुडघे कुरकुरायला लागले, पण तो केस कापून आला तरी ती त्याच्या मानेचा वास घ्यायची. गिंबालच्या त्या गल्लीत लहानमोठे सगळे दुल्फोला नोंग, म्हणजे दादा, आणि तिला नांग मिनिंग म्हणत, थोरल्या बहिणीसारखा मान देत, आणि तिची थट्टाही करत. शेजारची एपांग तर तोंडावर म्हणायची, "नांग, तू पोलिसात जायला हवं होतंस. निदान पगार तरी मिळाला असता."

पिल्लू आणलं ते लेकीनं. मारिव्हिक इलोइलो शहरात नर्स होती. तिच्या इस्पितळाच्या फाटकाशी एक गावठी कुत्री व्यायली होती, त्यातलं हे एक. तपकिरी, गोल, आणि चेहरा कायम काहीतरी आंबट खाल्ल्यासारखा. म्हणून दुल्फोनं त्याचं नाव ठेवलं बातवान. कालवणात घालतात त्या आंबट फळाचं नाव.

गावच्या कचेरीनं त्याच सुमाराला दवंडीसारखी गाडी फिरवली होती. पलीकडच्या गावात पिसाळलेला कुत्रा निघाला होता, तेव्हा यापुढे रस्त्यावर कुत्रं दिसलं तर ते दोरीला हवं, नाहीतर उचलून नेणार. मारिव्हिकनं येतानाच लाल पट्टा आणि दोरी आणली होती.

पहिल्या दिवशी मिनिंगनं पट्टा बांधला, दोरी अडकवली आणि ओढली. बातवाननं चारी पाय पसरले, पोट जमिनीला टेकवलं आणि तो तसाच घसरत आला. आणखी ओढल्यावर उताणा झाला आणि दोरी चावायला लागला.

"हे कुत्रं आहे की फरशी पुसायचं फडकं?" मिनिंग वैतागली.

दुल्फो खुर्चीत पंखा दुरुस्त करत बसला होता. तो हसला. "ओढू नकोस गं. दोरी ओढून कुणी आपलं होत नाही. दे इकडे. जन्मभर दोरखंडांत वावरलोय मी."

त्यानं दोन दिवस काहीच केलं नाही. दोरी नुसती पिल्लाच्या गळ्यात राहू दिली. बातवान ती अंगणभर फरफटत हिंडला, कोंबडीमागे धावला, दोरीवर पाय पडून कोलमडला, आणि मग दोरीला विसरला. त्यानंतर दुल्फोनं टोक हातात घेतलं. पिल्लू निघालं की तो निघायचा. दोरी ताणली गेली की झाडासारखा उभा राहायचा. पिल्लू वळून बघायचं, दोन पावलं मागे यायचं, दोरी सैल व्हायची, की लगेच सदऱ्याच्या खिशातला सुक्या मासळीचा तुकडा. ओरडणं नाही, झटका नाही. आठवडा सरायच्या आत बातवान त्याच्या डाव्या पायाशी असा चालायला लागला की मिनिंगलाही कबूल करावं लागलं, माणसाला येतं खरं.

मग अंगण संपलं आणि रस्ता सुरू झाला. ऊन कलंडलं की दुल्फो निघायचा. "समुद्रापर्यंत नेतो. बुरुजाला वळसा घालून येतो." जुना दगडी बुरूज किनाऱ्यावर होता, कोवळ्या पिल्लालाही फार लांब नाही.

आणि इथून मिनिंगच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

एक तर वेळ. बुरुजाला जाऊन यायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. दिवे लागायच्या बेताला स्वारी परतायची. दुसरं म्हणजे पिल्लाचे पाय. समुद्रावरून आलेल्या कुत्र्याच्या बोटांत वाळू हवी. बातवानचे पंजे कोरडे, स्वच्छ. आणि एवढं चालून आल्यावर जे पिल्लू मुकाट्यानं पसरायला हवं, ते घरभर उधळायचं, चपला पळवायचं, जणू दिवसभर बांधून ठेवलं होतं. तिसरं म्हणजे वास. दुल्फोच्या सदऱ्याला कापराच्या तेलाचा वास यायचा. घरात ते तेल नव्हतं.

"कसला वास येतोय?"

"कसला?"

"कापराचा."

"बुरुजाजवळ एका म्हाताऱ्याची पाठ धरली होती. त्याला चोळून दिलं."

"तुझ्या पाठीलाच वास येतोय पण."

दुल्फो उठला. बातवानला पाणी ठेवायला गेला.

एकदा ती पदर खोचावा तशी कंबर कसून उभी राहिली. "चल, आज मीही येते."

"नको, नको," दुल्फो घाईनं म्हणाला. "शिकण्याचं वय आहे त्याचं. दोन माणसं असली की पिल्लू गोंधळतं. कुणाचं ऐकावं त्याला कळत नाही."

"मला तर बरोब्बर कळतंय," मिनिंग म्हणाली.

त्या दिवशी तो जाताना केसांवरून कंगवा फिरवून गेला. रोजच फिरवायचा, पण त्या दिवशी तिनं ते पाहिलं.

एपांगनं भर घातली. कुंपणावरून ओले कपडे पिळत ती म्हणाली, "तुमचं पिल्लू शहाणं हो, नांग. चालतं कमी, बसतं फार. परवा पाहिलं, चर्चच्या भिंतीशी आपलं बसलंय, आणि नोंग दुल्फोही शेजारी बसलाय. दोघं आपले रस्ता बघतायत."

"कुणाचा रस्ता?"

"ते मला काय ठाऊक? मी जीपनीत होते, भाड्याची गाडी थांबते थोडीच?"

मिनिंगला रात्रभर, म्हणजे डोळा लागेपर्यंत, तो रस्ता दिसत राहिला आणि त्यावरून येणारी एकेक बाई.

संधी आली ती रविवारी. दुल्फोच्या जुन्या जहाजसोबत्याच्या नातवाचं नामकरण होतं, पलीकडच्या गावात. तो बाळाचा धर्मपिता. सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून जीपनीनं गेला. गुडघ्याचं निमित्त करून मिनिंग मागे राहिली. जेवण उरकलं, ऊन जरा उतरलं, तसं तिनं लाल दोरी खुंटीवरून काढली. खिशात मासळीचे तुकडे घेतले.

"चल बाबा," ती पिल्लाला म्हणाली. "रोज जातोस तिकडेच घेऊन चल मला."

बातवान निघाला तो अगदी शिकल्यासवरल्यासारखा. दोरी सैल, शेपूट वर. चर्चपर्यंत पोचले आणि तो थांबला. चर्चची ती बुटकी भिंत. बातवान तिच्या पायथ्याशी बसला आणि वर मिनिंगच्या तोंडाकडे बघायला लागला.

"चल."

तो बसून राहिला. तिनं मासळी दाखवली. त्यानं जिभल्या चाटल्या, पण उठला नाही. जरा वेळानं, कुणी हुकूम दिल्यासारखा, आपला आपण उठला आणि चालू लागला. मिनिंग चक्रावली. पुढे न्हाव्याचं दुकान. बाहेर लाकडी बाक. बातवान बाकाखाली शिरून बसला. न्हावी वस्तरा पुसत हसला. "आज मालकीणबाई आल्या वाटतं!" त्या 'आज'नं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे!

त्यापुढे बदामाच्या झाडाखाली पालथी घातलेली होडी. तिथंही बसला. समुद्र आता समोर दिसत होता, बुरूजही. मिनिंगला वाटलं, चला, निदान तिथवर तर जातो. पण बातवान उठला तो समुद्राकडे पाठ करून. डावीकडच्या बोळात वळला, पावलं भराभर टाकायला लागला, दोरी पहिल्यांदाच ताणली, आणि पत्र्याच्या छपराखालच्या एका दुकानापाशी येऊन त्यानं बाकाखाली अंग टाकलं. स्वतःच्या घरी आल्यासारखी हनुवटी बाकाच्या पायावर ठेवली. शेजारी पाण्याची वाटी तयारच होती.

दुकान कोन्सोर्सियाचं. कॉफी आणि नारळाच्या पानात उकडलेला चिकट भात, ईबोस, विकायची. विधवा, मिनिंगपेक्षा चांगली दहा-बारा वर्षांनी लहान, आणि हसरी.

"आला का माझा राजा!" आतून आवाज आला. "नोंग, आज तर तू नामकरणाला..." म्हणत कोन्सोर्सिया बाहेर आली आणि दारातच थबकली.

"राजा गावाला गेलाय," मिनिंग म्हणाली. "राणी आलीये."

"अगं बाई, नांग मिनिंग! मी कुत्र्याला म्हणत होते."

"हो का? आणि नोंग कुणाला म्हटलंस? तेही कुत्र्यालाच?"

"बस ना नांग. कॉफी टाकते."

"कॉफी माझ्या घरी आहे. साखरही आहे. तरी माझ्या नवऱ्याला तुझ्याच इथली का गोड लागते, तेवढं सांग."

कोन्सोर्सियाचं हसू मावळलं. तिनं हात फडक्याला पुसले, फडकं खांद्यावर टाकलं आणि मिनिंगकडे निरखून पाहिलं. "तुला खरंच काही माहीत नाही?"

"तू सांग की."

"तो कॉफी पीत नाही माझ्याकडे. पाणी पितो, आणि त्यातलं अर्धं सांडतं, कारण पेला धरवत नाही. या खांबाला टेकून बसतो, हा खांदा असा धरून. ओठ निळे पडतात त्याचे. मी पाठीला तेल चोळते. हो, चोळते! भर बोळात, सगळ्यांसमोर. मग काय, माझ्या दारात मरू देऊ माणसाला?"

"छान," मिनिंग म्हणाली. "पाठ चांगलं केलंयस."

कोन्सोर्सियाचे कान लाल झाले. "दर वेळी सांगते त्याला, नांगला सांग, नांगला सांग. तो म्हणतो, मिनिंगला कळलं की लेकीला कळणार, आणि लेक मला शहरात नेऊन खाटेवर निजवणार. त्याचा तो आस्तेरियो नव्हता का, जहाजावरचा, स्वतःच्या पायांनी चालत इस्पितळात गेला आणि पेटीतून बाहेर आला. तेव्हापासून धसका घेतलाय त्यानं. नांग, मला शिव्या दे हव्या तर, पण घरी जाऊन त्याला विचार."

आस्तेरियो गेला तेव्हा दुल्फो अंत्यविधीला गेला होता. परत आल्यावर एक शब्द बोलला नव्हता. मिनिंगला ते आठवलं, आणि ती आणखीनच भडकली. जे मला सांगत नाही ते हिला सांगतो!

"चल," तिनं दोरीला हिसका दिला. बातवान केकाटला. आयुष्यात त्याला कुणी हिसका दिला नव्हता.

बोळातून बाहेर पडताना तिच्या डोक्यात नुसता जाळ होता. बाई हुशार आहे. आजाराचं नाव पुढे केलं की कुणाची बोलायची छाती होत नाही. निळे ओठ म्हणे! घरात तर चांगला पंखे दुरुस्त करतो. खुर्चीत बसून. पाणी मागतो खुर्चीत बसून. अंगणाचा नळ दुरुस्त करायचा राहिलाय कधीचा, तो म्हणतो उन्हाचा त्रास होतो...

बातवान बसला. बदामाच्या झाडाखाली, होडीशी.

यावेळी तिनं ओढलं नाही. तिचे गुडघे दुखत होते. तीही होडीवर टेकली. टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं, होडीच्या कडेचा रंग एका जागी घासून गेलाय, एका माणसापुरता. पिल्लू वर बघत होतं, तसंच, वाट पाहत. कुणाचा तरी श्वास जागेवर येण्याची वाट पाहत. मग आपला आपण उठलं.

न्हाव्याच्या बाकाशी बसलं. चर्चच्या भिंतीशी बसलं. जिथे जिथे माणसाला टेकता येईल, तिथे तिथे बसलं. भिंतीवरून मिनिंगला आपलं फाटक दिसत होतं, फाटकावरचं बोगनवेलीचं फूल अन् फूल मोजता येईल इतकं जवळ. इतकुसं अंतर. इतकंसं चालून त्याला बसावं लागतं?

माणसं खोटं बोलतात. बायका तर मिनिंगच्या मते जास्तच बोलतात. पण या पिल्लाला कुणी पढवलं होतं, आणि कशासाठी? त्याला तर वाटत होतं, दोरीला बांधून चालणं म्हणजे हेच. थोडं चालायचं, मग बसायचं.

तिनं दोरी सैल सोडली. तरीही आत कुठेतरी तो जुना किडा वळवळत राहिला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही.

दुल्फो परतला तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. हातात केकचा पुडा. मिनिंग फाटकात दोरी घेऊन उभी.

"पिल्लाला फिरवायचं राहिलंय. चल, दोघं जाऊ."

"आत्ता? अगं, दमलोय जरा..."

"बुरुजापर्यंत तर जायचंय. रोज जातोस की."

तो निघाला. काय करणार? भिंतीशी बातवान बसला. "बघ, असा हट्टी आहे," म्हणत दुल्फोही टेकला, हलकेच, सहज टेकल्यासारखा. मिनिंग उभीच राहिली.

"मला वाटतं तू त्याला फार लाडावलंस," ती म्हणाली. "दे दोरी."

तिनं खिशातून मासळीचा मोठा तुकडा काढला, पिल्लाच्या नाकाशी धरला आणि चालू लागली. न थांबता. बातवाननं एकदा मागे पाहिलं, पण तुकडा मोठा होता. तो आला. न्हाव्याचा बाक आला, तिनं दुसरा तुकडा धरला, पावलं वाढवली. बाक मागे गेला. मागून चपलांचा आवाज येत होता. आधी भराभर, मग अडखळत, मग येईनासा झाला.

"मिनिंग."

ती चालत राहिली.

"मिनिंग, थांब गं."

असा आवाज त्याचा तिनं कधी ऐकला नव्हता. ती वळली. दुल्फो दिव्याच्या खांबाला मिठी मारावी तसा धरून उभा होता. तोंडावर घाम, आणि तोंडाचा रंग ओल्या राखेसारखा. न्हावी दुकानातून खुर्ची घेऊन धावत होता.

मिनिंग धावली. गुडघे विसरून धावली. बातवान दोरीसकट तिच्या पुढे पोचला आणि दुल्फोच्या पायाशी बसला.

बऱ्याच वेळानं, खुर्चीत, त्याला बोलता आलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यानं," मिनिंगनं पिल्लाकडे बोट दाखवलं. मग तिचा बांध फुटला. "मेल्या, मला वाटलं बाई आहे! बाई असती तर परवडलं असतं! किती दिवस चाललंय हे?"

"पिल्लू यायच्या आधीपासून. पिल्लू आलं तेव्हा बरं वाटलं. त्याला शिकवतोय म्हणून कुठंही थांबता यायचं." तो जरा हसला. "मारिव्हिकला सांगू नकोस."

"सांगून झालंय," मिनिंग म्हणाली. झालं नव्हतं. तिनं तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळची वाट पाहायलाही लेक तयार नव्हती. ती गाडी घेऊनच आली. दुल्फोनं इस्पितळाच्या पायरीवर पाय रोवले, अगदी पहिल्या दिवशीच्या बातवानसारखे. आणि मिनिंगनं त्याला ओढलं नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "मीही घाबरलेय. तू उठशील तेव्हा उठू." माणसं दोघांना वळसा घालून जात होती. दुल्फो बऱ्याच वेळानं उठला.

हृदयाकडच्या दोन नळ्या चोंदल्या होत्या. स्टेंट घातले. आस्तेरियोसारखं काही झालं नाही. तो चालत आत गेला आणि व्हीलचेअरवरून, कुरकुरत, बाहेर आला. गोळ्या सुरू झाल्या. मिनिंग गोळी दिल्यावर त्याला तोंड उघडायला लावायची, जीभ वर करायला लावायची. "गिळली ना गं!" "पाहू दे."

कोन्सोर्सियाकडे जाणं मात्र तिनं पुढे ढकलत नेलं. शेवटी एका सकाळी गेली, दुकानासमोर उभी राहिली.

"मी तुला वाईट बोलले."

"बोललीस," कोन्सोर्सिया ईबोस बांधत म्हणाली. वर पाहिलं नाही.

"मग?"

"मग काय? बस. पाय दुखत असतील."

मिनिंग बसली. कॉफी आली. कॉफी खरंच चांगली होती, आणि हे तिला फारसं आवडलं नाही.

डॉक्टरांनी दुल्फोला रोज चालायला सांगितलं, हळू पण न थांबता. तेव्हा बातवानला शिकवलेलं सगळं विसरायला लावणं भाग होतं. आता दोरी मिनिंगच्या हातात असायची. पिल्लू भिंतीशी बसायचं, दुल्फो उभा राहून म्हणायचा, "ऊठ बाबा, आपण बरे झालोय." ते त्याच्याकडे संशयानं पाहायचं. ओळखीचा श्वास ऐकू येतोय का, म्हणून कान टवकारायचं. हळूहळू भिंत सुटली, मग न्हाव्याचा बाक, मग होडी. एके दिवशी तिघंही बुरुजाला वळसा घालून आले.

फक्त कोन्सोर्सियाचा बाक काही सुटेना. बोळाचं तोंड आलं की दोरी ताणली जायचीच.

"आता धाप लागत नाही, छातीत दुखत नाही," मिनिंग म्हणाली, "मग रोज इथे बसायचं कारण काय?"

"मी कुठे बसतोय? बातवान बसतो," दुल्फो बाकावर बसत म्हणाला.

आतून कोन्सोर्सिया खळखळून हसली. जरा जास्तच, मिनिंगला वाटलं. तिनं दोरी मनगटाला गुंडाळली, कोपऱ्यातलं स्टूल उचललं, आणि दुकानाचं दार आणि बाक यांच्या बरोब्बर मधोमध ठेवून त्यावर ऐसपैस बसली.